निनावी तक्रार आणि बोलीची ओळख

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ ने सूचीबद्ध कंपन्यांवर गैरव्यवहाराची माहिती स्वीकारणारी आणि माहिती देणाऱ्यास छळापासून संरक्षण देणारी यंत्रणा उभारण्याचे बंधन घातले. तिची दूरध्वनी-सेवा बाहेरच्या संस्थेकडे सोपविल्यास तक्रारदार अज्ञात राहतो, असे समर्थन केले जाते. हे समर्थन अपुरे होय; कारण त्यात ओळख म्हणजे केवळ नाव, असे गृहीत धरलेले आहे.

कर्जत-खालापूर परिसरात आगरी, ठाकरी, कातकरी अशा बोली नांदतात. खोपोलीच्या एखाद्या कारखान्याच्या भांडारात दोनच आगरीभाषक असतील, तर ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ आलेले शब्दशः टिपण नावाइतकेच बोलके ठरते. उलटपक्षी, परस्थ लेखनिकाने ते प्रमाण मराठीत उतरविले, तर कोणी दिले व कोणी घेतले, हाच तपशील ढळण्याचा संभव असतो.

तेव्हा संस्था निवडताना दर आणि चोवीस तासांची उपलब्धता एवढेच निकष पुरेसे नाहीत. ध्वनिमुद्रण कंपनीस न देणे, टिपण प्रमाण भाषेत करणे आणि त्यातील आशय तक्रारदारास त्याच्या बोलीत सांगून त्याची संमती घेणे, या अटी करारातच असावयास हव्यात. त्या नसतील, तर कंत्राटी कामगाराला त्याचे मोल आपल्या रोजीने चुकवावे लागेल.