शशी गोडबोलेची मराठी

गौरी शिंदे यांचा पहिला चित्रपट ‘इंग्लिश विंग्लिश’ ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचं कौतुक मुख्यतः दोन कारणांनी झालं. पंधरा वर्षांनी श्रीदेवी पडद्यावर परतली होती. आणि इंग्रजी न येणाऱ्या गृहिणीची गोष्ट कुणालाही खलनायक न करता, हसतखेळत सांगितली होती. दोन्ही कारणं आजही टिकून आहेत. पण भाषेविषयीच्या चित्रपटाला एक साधा प्रश्न विचारायला हवा: पुण्याच्या या गोडबोले कुटुंबात मराठी कोण बोलतं?

शशी घरी लाडू करून विकते. ‘जॅझ’ हा शब्द तिच्या तोंडी वेगळा येतो, म्हणून नवरा आणि मुलगी नाश्त्याच्या टेबलावर हसतात. पुढे भाचीच्या लग्नासाठी ती एकटीच आधी न्यूयॉर्कला जाते आणि तिथे गुपचूप चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला नाव घालते. कथा एवढीच.

भाषेवरचा विनोद हिंदी सिनेमाला नवा नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून अतिशुद्ध हिंदी बोलतो आणि भाषेचा अभिमान मिरवणाऱ्या मेव्हण्याला जेरीस आणतो. तिथे हसू वरच्या माणसाकडे वळतं. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये ते आधी खाली, घरात राबणाऱ्या बाईकडे वळतं, मग दिग्दर्शिका शांतपणे ते थांबवते. शाळेच्या पालकसभेत शिक्षकाची हिंदी अडखळते, त्याची लाज कुणालाच वाटत नाही. आईचं इंग्रजी अडखळतं, तेव्हा मुलगी मान खाली घालते. दोन्ही चुका सारख्याच, पण त्यांचे भाव वेगळे. हे शिंदे एकाही संवादात समजावून सांगत नाहीत, आणि तेच या विनोदाचं बळ आहे.

बायकांची पात्रंही अशीच न मिरवता उभी राहतात. सासू सुनेच्या बाजूची आहे. भाची राधा गुपित सांभाळते. वर्गातली मेक्सिकन आया एव्हा स्वतःच्या कमाईवर शिकायला आली आहे. परीक्षेच्या दिवशी लग्नाचे लाडू जमिनीवर सांडतात आणि शशी परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. हा त्याग नाही. दुसऱ्याच्या हातचे लाडू ती चालवून घेणार नाही. तो तिच्या कामाचा मान आहे.

आता मराठीकडे येऊ. सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे आहेत, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारेबाई ज्यांनी रंगभूमीवर उभी केली, त्या. त्याही घरात हिंदीच बोलतात. मराठी उरते ती आडनावात, साडीत आणि लग्नघरातल्या ‘नवराई माझी’ या गाण्यात. म्हणजे समारंभापुरती. रागावायला, समजूत काढायला, मुलीचं टोचून बोलणं परतवायला ती मिळत नाही. माझ्या अनुवादाच्या कामात मला रोज दिसतं की भाषेची खरी कसोटी सणात लागत नाही, भांडणात लागते.

हिंदी चित्रपटातली माणसं हिंदी बोलणारच, असं कुणी म्हणेल. संकेत म्हणून ते मान्य. पण इथे भाषा हाच विषय आहे, त्यामुळे संकेतही अर्थात शिरतो. शशीला एकच भाषा येते आणि दुसरी येत नाही, असं गणित मांडलं की गोष्ट सुटसुटीत होते. वास्तवात पुण्यात लाडू विकणारी गोडबोलेबाई आधीच दोन भाषांत वावरत असणार. ‘इंग्रजी येत नाही’ हे वाक्य तिला जे येतं तेही पुसून टाकतं. मी राहते त्या देवनहळ्ळीच्या बाजारात भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी तेलुगूत आणि तिसऱ्याशी दखनीत भाव करते. काही किलोमीटरवरच्या विमानतळावर ‘भाषा येत नाही’ म्हणून बाजूला उभी राहील तीही तीच.

चित्रपटाला हे अजिबात कळत नाही असंही नाही. वर्गात शिक्षक शशीला ‘आंत्रप्रनर’ म्हणतो आणि ती तो शब्द घोळवत रस्त्याने चालते. गंमत अशी की तो शब्द इंग्रजीनेही फ्रेंचकडून घेतलेला, म्हणजे शेजारी बसणाऱ्या लॉराँच्या भाषेतला. मराठीत ‘उद्योजिका’ होताच. पण घरात तिला तो कुणी लावला नव्हता. तिथे ती फक्त लाडू करत होती. तिला शब्द कमी पडत नव्हता, तो देणारं माणूस कमी पडत होतं. पुढे लॉराँ फ्रेंचमध्ये आणि ती हिंदीत मन मोकळं करतात, एकमेकांचं अक्षरही न समजता. अनुवादाशिवाय चालणारा हा संवाद मला चित्रपटातला सर्वांत धीट प्रसंग वाटतो.

आणि शशीची हिंदी ज्या तोंडून येते, त्या श्रीदेवीचीही ती जन्मभाषा नव्हे. तमिळनाडूतून आलेल्या या अभिनेत्रीला सुरुवातीच्या अनेक हिंदी चित्रपटांत दुसऱ्याच कुणाचा आवाज होता. ‘आखरी रास्ता’मध्ये (१९८६) रेखाचा. ‘चांदनी’पासून (१९८९) तिचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटच्या भाषणात शशी शब्द शोधत थांबते, ते थांबे म्हणूनच इतके खरे वाटतात. उशिरा शिकलेल्या भाषेत उभं राहणं त्या अभिनेत्रीला ठाऊक होतं.

‘इंग्लिश विंग्लिश’ तमिळ आणि तेलुगूतही आला. तमिळ आवृत्तीत विमानातल्या सहप्रवाशाच्या भूमिकेत अमिताभऐवजी अजित आहे. प्रेक्षकाच्या भाषेचं महत्त्व निर्मात्यांना कळत होतं, असाच याचा अर्थ. ती जाण शशीपर्यंत मात्र पोचली नाही. परतीच्या विमानात ती नीट इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते. आपल्या भाषेकडे मान ताठ ठेवून परतण्याचा तो क्षण आहे आणि मला तो आवडतो. फक्त गोडबोले आडनावाच्या बाईने मराठी पेपर मागितला असता, तर तिचं परतणं पुरं झालं असतं.