नायिका दवाखान्यात जात नाही

दिवाळी अंकांतल्या कथांत पांगळी किंवा आंधळी मुलगी भेटली नाही, असे वर्ष विरळा. ती खिडकीशी बसते, गोड गाते, आणि आपल्या मनातला माणूस धाकट्या बहिणीला देऊन टाकते. वाचक डोळे पुसतो आणि चकलीकडे हात नेतो. इतरांना हसावे म्हणून मी हे लिहीत नाही. अशी एक नायिका माझ्याही कादंबरीत आहे, आणि मला सर्वांत अधिक पत्रे आली ती तिच्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय मनासारखे वळत नाहीत, बोलणे सावकाश. बुद्धी मात्र तल्लख. चहा घेता घेता म्हणाली, "बाई, तुमची कादंबरी वाचली. एक विचारू? तुमच्या नायिकेला पाळी येत नव्हती का?"

मी गोंधळले. माझ्या पुस्तकात ती मुलगी सोळाची चोवीस वर्षांची होते. तिच्या वेणीचे, बोटांचे, सतारीचे वर्णन मी पानेच्या पाने केले होते. पण तिला शरीर आहे, हे मी विसरले होते.

मग तिने आपली हकीकत सांगितली. दर महिन्याला पोटात असह्य दुखे, म्हणून आई तिला एका दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीचे टेबल उंच. चढता येईना, म्हणून वरवर पाहून काम भागवले. सगळे प्रश्न आईला विचारले गेले. लग्नाचा विषय निघाला तेव्हा नर्सबाई नुसत्या हसल्या. निघताना कुणीसा सल्ला दिला, "पिशवीच काढून टाका, तुमचीही कटकट जाईल."

"बाई, पिशवी माझी होती," ती म्हणाली, "आणि मी तिथेच बसले होते."

त्या दिवसापासून अपंग पात्र भेटले की मी एकच कसोटी लावते: याला शरीर आहे की नाही? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असे येते. आपण लेखकांनी तीन साचे करून ठेवले आहेत. एक देवीचा, एक बाळाचा आणि एक ओझ्याचा. देवीला वासना नसते, बाळ कधी वयात येत नाही, आणि ओझ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

१९९१ चा 'चौकट राजा' मी अनेकदा पाहिला आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू कोण विसरेल? तरीही थिएटरबाहेर आपण बरोबर नेतो ते त्याचे निरागसपण. तो वयाने वाढलेला पुरुष आहे, ही गोष्ट आपण सोयिस्करपणे खुर्चीवरच ठेवून येतो. त्याआधी, १९८० साली, सई परांजपे यांच्या 'स्पर्श'ने अंध नायकाला प्रेम दिले आणि दयेचा राग करण्याइतका ताठ कणाही दिला. हे मोठे पाऊल होते. पण खरे धाडस मला दिसले ते शोनाली बोस यांच्या २०१४ च्या 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ'मध्ये. त्यातली लैला सेरेब्रल पाल्सी असलेली, आणि आई महाराष्ट्रीय. मुलीला न्हाऊ घालणारी ही आई मुलीच्या इच्छांना मात्र बिचकते. आई प्रेमळ आहे आणि तरीही चुकते, हे दाखवायला जे धैर्य लागते, ते आपल्या कथांत क्वचितच आढळते.

कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे काय आरोग्यखात्याचे पत्रक आहे? नाही. परंतु कथेत जे साचे आपण पाडतो, तेच पुढे दवाखान्यात आणि कचेरीत वापरले जातात. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील सरकारी संस्थेतल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय काढल्याने कुणाला अंग धुवायला शिकवले जात नाही. अत्याचाराचे भयही त्याने टळत नाही. फक्त अत्याचार उघडकीला येण्याची एक वाट बुजते. त्या मुलींना कुणी विचारले असेल? ओझ्याला विचारायचे नसते, हे आम्हीच शिकवले होते.

पुढे २००९ साली चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सौम्य मतिमंदत्व असलेली ही अनाथ मुलगी अत्याचारातून गरोदर राहिली होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा हुकूम दिला होता. तिला मात्र मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मानले आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे दहावे कलम तर स्पष्टच सांगते: प्रजनन आणि कुटुंबनियोजन यांची योग्य माहिती अपंगांना मिळाली पाहिजे, आणि वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया त्यांच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीखेरीज होता कामा नये. कायदा या बाबतीत आम्हा कादंबरीकारांच्या पुढे गेला, हे कबूल करायला मला लाज वाटते.

आणि मराठीला हा विषय परका तरी कुठे आहे? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्या भाषेत शतकापूर्वी हे बोलता आले, त्या भाषेत चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने डॉक्टरांना काय विचारावे, हे लिहिता येऊ नये?

आयांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. वयात आलेल्या मुलीला रोज उचलणारी, 'माझ्यामागे हिचे कसे' या काळजीने रात्री जागणारी आई पिशवी काढण्याच्या सल्ल्याला भुलते, यात नवल नाही. चित्रे दाखवून, पुन्हापुन्हा करून घेऊन यांतल्या कितीतरी मुलींना पाळीची निगा शिकवता येते, हे तिला कुणी सांगितलेले नसते. मूकबधिर मुलीशी खुणांच्या भाषेत बोलणारे माणूस आणि आंधळ्या मुलीला तिचा रिपोर्ट एकटीला वाचून दाखवणारे माणूस दवाखान्यात असावे, हे मागण्याचे बळही तिला कुणी दिलेले नसते. ते कथेने दिले तर कथेचे काही बिघडत नाही.

माझ्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीसाठी मी एक प्रकरण नव्याने लिहिले आहे. त्यात नायिका दवाखान्यात जाते आणि डॉक्टर तिच्याकडे पाहून तिलाच विचारतात. ते प्रकरण मी आधी माझ्या त्या विद्यार्थिनीला वाचायला दिले. तिने दोन दुरुस्त्या केल्या. 'बिचारी' हा शब्द तीन ठिकाणी खोडला, आणि जिथे दोघींनी नायिकेला टेबलावर उचलून ठेवल्याचे मी लिहिले होते, तिथे समासात लिहिले: "बाई, खाली येणारे टेबल असते. तेच मागवा."

मी मागवले आहे.