रोमन केशरचनांची पुनर्निर्मिती : आकडा की सुई?

ऐतिहासिक केशरचनांची पुनर्निर्मिती हा विषय सामान्यतः रंगभूषेच्या कक्षेत टाकला जातो. बाल्टिमोर येथील व्यावसायिक केशरचनाकार जेनेट स्टीफन्स यांनी तो संशोधनाच्या कक्षेत आणला, म्हणून त्यांच्या मांडणीची चिकित्सा आवश्यक ठरते.

२००१ मध्ये तेथील वॉल्टर्स कला संग्रहालयात सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना हिचा अर्धपुतळा त्यांच्या पाहण्यात आला. तसा अंबाडा प्रत्यक्ष घालू जाता आकड्यांनी तो टिकेना. लॅटिन ‘आकुस’ या शब्दाचे सुई आणि केसांची काडी असे दोन्ही अर्थ होतात. केशरचनेच्या संदर्भात अभ्यासक दुसराच अर्थ घेत आले होते. एकेरी काडी सैल केस तोलू शकते, घट्ट वेण्यांच्या चळती नव्हे. या वेण्या सुईदोऱ्याने शिवल्या जात असत, हा स्टीफन्स यांचा निष्कर्ष २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ रोमन आर्किऑलॉजी’त प्रसिद्ध झाला. कोशाने न सुटलेला अर्थ हाताने सुटला, हे येथे लक्षणीय आहे.

आधुनिक तंत्राचा प्रश्नही येथेच उद्भवतो. रबर, चिमटे व फवारा यांच्या साहाय्याने तेच रूप अल्पावधीत साधते. रंगभूमीला तेवढे पुरे. परंतु अशा प्रतिकृतीतून मूळ कृतीविषयी काहीही सिद्ध होत नाही. स्टीफन्स यांच्या प्रयोगाचे मूल्य त्यांनी वर्ज्य केलेल्या साधनांत आहे.

तथापि, एखादी रचना सुईने शक्य आहे म्हणजे ती तशीच होत असे, असे नव्हे. शिल्पकाराचा संगमरवर केसांचे नियम पाळतोच असे नाही. शिवाय जर्मन स्त्रियांच्या केसांच्या टोपाचा उल्लेख ओव्हिडनेच केला आहे. टोप व गंगावन यांचा पर्याय म्हणून प्रत्येक पुतळ्यागणिक तपासावा लागेल. २०१३ मध्ये त्यांनी सादर केलेली वेस्टल कुमारिकांची सहा वेण्यांची रचनाही याच कसोटीस पात्र आहे.

पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीचे भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. अलंकारांनी जड झालेला तो केशसंभार कशाच्या आधारे राहत असे, हा प्रश्न या मूर्तींनाही विचारता येतो.