हिवातला जोंधळा : ‘गुरुचरित्रा’तील एका अध्यायाविषयी

‘हिवाळा’ हा शब्द ‘हिमकाल’ या शब्दापासून आला, हे व्युत्पत्तीचा थोडाबहुत परिचय असणाऱ्या कोणासही सांगावयास नको. परंतु बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत, जेथे हिमाचा एक कणही कधी पडत नाही, तेथील मराठी माणूस वर्षातील चार महिन्यांना हिमाचे नाव देतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याचा कन्नड शेजारी ‘चळिगाल’ म्हणतो. त्यात केवळ थंडीचा काळ एवढाच अर्थ आहे, त्याहून अधिक काही नाही. मराठी शब्दाने मात्र हिमालयाची एक अंधुक स्मृती जपून ठेवली आहे. बोलीत ‘हिव’ म्हणजे अंगात भरणारी थंडी. हिवताप हा शब्दही त्यातूनच आला.

शब्दापुरते हे ठीक आहे. साहित्यातही तसेच घडले, ही खरी अडचण आहे. आपल्या लेखकांनी थंडी पाहिली ती बहुधा दुसऱ्याच्या खिडकीतून. ‘ऋतुसंहारा’तील शिशिर बंद गवाक्षांचा, अग्नीच्या उबेचा आणि जाड वस्त्रांचा आहे; ज्यांना गवाक्षे आहेत त्यांचा तो शिशिर. पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून बर्फाने वेढलेली खेडी आली, आणि शेगडीभोवती बसलेले कुटुंब हे हिवाळ्याचे प्रमाणचित्र होऊन बसले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) ही परकी खिडकी मोडली, हे त्या पुस्तकाचे मोठेच ऋण. पण तेथे पाहणारी दृष्टी एकटीची आहे. घर, बायकोमुले, कणगीतले धान्य आणि सरकारी सारा यांच्यासह येणारा हिवाळा हा त्या पुस्तकाचा विषयच नव्हे.

बर्फाच्या गावातील थंडी कुटुंबाला आत कोंडते. दार लागते, साठवण उघडते, आणि माणसे एकमेकांच्या सहवासाला सामोरी जातात. यांतूनच तिकडच्या कथा जन्मतात. आपल्या रबीच्या काळ्या रानातील थंडी याच्या नेमकी उलट आहे. ती कुटुंबाला बाहेर काढते. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंच. डिसेंबर-जानेवारीत तेथील पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. नेमक्या त्याच दिवसांत जोंधळा पोटरीतून बाहेर पडून निसवलेला असतो, कोठे फुलोऱ्यात तर कोठे दुधात असतो, आणि राखणीसाठी माणसाला रात्र रानात काढावी लागते. येथे साठवण उघडण्याचा प्रश्न नाही. साठवण अद्याप शेतात उभी आहे.

या थंडीचे, या रानाचे आणि अशा एका घराचे चित्र मराठीत शतकांपूर्वी लिहिले गेले आहे, आणि ते आपण वाङ्मय म्हणून फारसे वाचलेले नाही. ते आहे ‘गुरुचरित्रा’च्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात. भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर हे त्याचे स्थळ. नृसिंहसरस्वती रोज संगमावर जातात. वाटेवर शेत असलेला एक शूद्र शेतकरी, ज्याला परंपरेत पर्वतेश्वर म्हणून ओळखतात, धावत येऊन नमस्कार करतो आणि पुन्हा कामाला लागतो. एके दिवशी श्रीगुरू त्याला विचारतात, तुला काय हवे? तो म्हणतो, पिकावर कृपादृष्टी असावी. उत्तर मिळते : विश्वास असेल तर आम्ही परत येईपर्यंत हे सगळे पीक कापून टाक.

यानंतरचा भाग मला मराठी आख्यानकवितेतील असामान्य भाग वाटतो. तो शेतकरी प्रथम देवघरात जात नाही, गावच्या अधिकाऱ्याकडे जातो. गेल्या वर्षीपेक्षा अधिक धान्य देण्याचे कबूल करून तो शेताचा खंड ठरवून घेतो, आणि मगच विळा चालवतो. श्रद्धेच्या कथेत हा व्यवहार कशासाठी? कवीला ठाऊक आहे की उभे पीक एकट्या शेतकऱ्याचे नसते. त्यावर राज्याचा हात आधीच पडलेला असतो. भक्ताला स्वतःची भाकरी पणाला लावता येते, सरकारची लावता येत नाही. इतकी नेमकी जाण असलेला कवी केवळ चमत्कार सांगणारा नव्हे.

मग येते त्याची बायको. ती मुलांना घेऊन आडवी येते, नवऱ्याला वेड लागले म्हणते, खाणार काय म्हणून विचारते. तो तिच्यावर दगड उचलतो. ती पळत अधिकाऱ्याकडे जाते आणि फिर्याद करते. पोथी या दगडांबद्दल नवऱ्याला एका शब्दाचाही दोष देत नाही; त्या काळाच्या श्रोत्यांनीही दिला नसावा. तरीही संपूर्ण अध्यायात कान देऊन ऐकावा असा आवाज या बाईचाच आहे. श्रीगुरू जे बोलले त्याचा आधार तिच्याजवळ नाही; तिच्याजवळ आहे तो फक्त उद्याच्या चुलीचा हिशोब, आणि तो बिनचूक आहे. कवीने तिला अडाणी ठरवले, पण तिचा युक्तिवाद दुबळा केला नाही. (अनेक घरांत ही पोथी स्त्रियांनी स्वतः वाचू नये, केवळ श्रवण करावी, असा संकेत पाळला गेला. या बाईचे बोलणेही मग पुरुषाच्याच तोंडून ऐकण्याचा प्रसंग बायकांवर आला.)

श्रीगुरू परततात आणि म्हणतात, आम्ही सहज विनोदाने बोललो होतो, तू खरोखरच कापलेस? या एका वाक्याने अध्यायाला खोली येते. शेतकरी डगमगत नाही. पण वाचक डगमगतो, आणि कवीला तेच हवे आहे.

काही दिवसांनी शीत वारा सुटतो. गावोगावची उभी पिके त्या हिवाने नासतात. पाठोपाठ मूळ नक्षत्रावर अवकाळी पाऊस पडतो, आणि कापलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांतून नवे फुटवे फुटून पीक अनेक पटींनी वाढते. सूर्य मूळ नक्षत्रात असतो तो काळ आजच्या दिनदर्शिकेने डिसेंबरचा उत्तरार्ध होय. जोंधळ्याचा खोडवा फुटतो, फुलोऱ्यातल्या कणसाला कडाक्याची थंडी लागली तर दाणा भरत नाही, कापलेल्या बुडख्याला गमावण्यासारखे कणीस उरलेलेच नसते, या गोष्टी त्या भागातील कोणताही कुणबी सांगेल. चमत्काराचे स्पष्टीकरण करावे असा माझा हेतू नाही. चमत्कार श्रद्धावंतांचा आहे आणि त्यांच्याकडेच राहावा. मला इतकेच दाखवावयाचे आहे की, या कवीने चमत्कार घडवला तो रानाला ठाऊक असलेल्या वाटेनेच घडवला.

येथेच माझा या अध्यायावर एक आक्षेप आहे. पीक कापल्यापासून पाऊस पडेपर्यंतचे दिवस कवी झटकन उरकतो. घरात रडारड झाली, नवऱ्याने समजूत घातली, एवढ्यावर ते भागते. त्या हिवाच्या रात्री, बाहेर शेजाऱ्यांची पिके जळत असताना, त्या घरात कोण कोणाशी बोलत होते? शेजारी आले तेव्हा बाईने मान वर केली की नाही? बर्फाच्या देशातील कथाकार येथे थांबला असता, कारण कोंडलेले घर त्याच्या ओळखीचे आहे. आपला कवी शेत पाहतो, घरात शिरत नाही. पुढच्या मराठी ग्रामीण कथेतही ही सवय बरीच दिसते : शेताचे वर्णन सरस, उंबऱ्याच्या आतले धावते.

हा कवी सरस्वती गंगाधर, आळंदजवळच्या कडगंचीच्या सायंदेवांच्या वंशातला. आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही, असे तो ग्रंथारंभी स्वतःच सांगतो. एकेचाळिसाव्या अध्यायात कन्नड स्तवनेही येतात. विनयाचा भाग वगळला तरी दोन भाषांच्या सीमेवरचा हा माणूस होता हे उघड आहे. त्याच्या जोंधळ्याच्या रानातील नेमकेपणा या सीमेवरच्या जगण्यातून आला असावा असे मला वाटते. संस्कृत काव्याच्या शिशिरातून तो येणे शक्य नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांचे लक्षही त्याच्यावरून बरेचसे निघून गेले. ग्रंथ मात्र घरोघरी राहिला.

तो कोणत्या दिवसांत वाचला जातो तेही पाहावे. दत्तजयंतीच्या आधी मार्गशीर्षात सप्ताह बसतो. रूढ वाटणीप्रमाणे चव्वेचाळिसाव्यापासून पुढचे अध्याय सातव्या दिवशी येतात. म्हणजे जोंधळ्याचा अध्याय ऐन थंडीत, जोंधळा रानात उभा असतानाच श्रोत्यांच्या कानी पडतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी मार्गशीर्षाची अमावास्या येते. कन्नड बोलणारे तिला एळ्ळमावास्ये म्हणतात, मराठी घरे येळवस म्हणतात. कडब्याची खोप उभारून सारे कुटुंब शेतात जाते. आंबील आणि भज्जी खोपीपाशी मांडली जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक घातली जाते. हा स्वयंपाक करणारी बाई पहाटेच्या हिवात उठलेली असते, आणि शेतात ती यजमानीण म्हणून येते. पोथीतल्या बाईला मात्र कवीने त्या हिरव्यागार रानात परत नेले ते क्षमा मागण्यासाठी.