पुस्तकातले ताट आणि दुकानातला डबा

परळला आमच्या चाळीतल्या एका आजोबांना मूत्रपिंडाचा विकार आहे. व्यायामशाळेतल्या एका 'आहारतज्ज्ञा'ने त्यांना प्रथिनांची भुकटी घ्यायला सांगितली. डबाही त्यानेच विकला. अशा वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे हाताशी हवीत. १७ तत्त्वांपैकी एक तत्त्व, स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळा, असेच सांगते आणि त्याचे कारणही देते. कारण देणे हा मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो.

अडचण येते ती मापांची. २००० किलोकॅलरींच्या ताटात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्याही कच्च्या. लालबागच्या खानावळीत पुढ्यात येतो तो शिजलेला भात! तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट वजनाचा होतो, हे शिक्षकांनी वर्गात तराजू आणून दाखवावे. (पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती, हेही मोजावे. धक्का बसेल.)

आजारी माणसाचे ताट मात्र पुस्तकावरून मांडता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण पाटी लावणाऱ्याला पदवी विचारण्याची सवय आपल्याला नाही. आजोबांना शेवटी सार्वजनिक रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी आधी क्रिएटिनिनचा अहवाल मागितला, मग रोजचे जेवण विचारले, आणि वरणाची एक वाटी कमी केली. भुकटी अर्थातच बंद.