कर्ता कोण? मराठी कादंबरीचे व्याकरण वाचताना

मराठी कादंबरीच्या भाषेबद्दल लिहायचे झाले की आपली समीक्षा बहुधा शब्दांपाशी थांबते. बोली अस्सल आहे, म्हणी नेमक्या आहेत, प्रादेशिक रंग गडद आहे. हे सगळे खरे असते आणि अपुरेही असते. पात्र जगाकडे कसे पाहते, हे त्याच्या शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचनेतून अधिक कळते. वाक्यात कर्ता कोण आहे, तो गाळला आहे का, ‘आम्ही’ म्हणताना कुणाला बाहेर ठेवले आणि ‘आपण’ म्हणताना कुणाला आत घेतले, यात माणसाचे सारे जग येते. मराठीतील थोर कादंबऱ्यांनी हे जाणले होते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. पुरुष लेखकाने इथे यमूचा ‘मी’ घेतला. ती त्या काळच्या ब्राह्मण घरातली सून, नवऱ्याचे नाव न घेणारी. ‘इकडून सांगणे झाले’ ही त्या स्त्रियांची रचना नीट पाहावी. तिच्यात नवरा कर्ता उरतच नाही. त्याच्या जागी एक दिशा येते, आणि क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसते. याच रचनेत धाक असतो आणि यमूच्या रघुनाथरावांसारखा समजूतदार नवरा असला की मायाही असते. यमूच्या आयुष्यातले निर्णय इतर लोक घेतात, शेवटी तिचे केशवपनही तेच करतात. तिच्या वाट्याला एकच कर्तेपण येते, ते सांगण्याचे. कादंबरीचे सामर्थ्य या विसंगतीत आहे.

१९६३ च्या ‘कोसला’तल्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची नक्कल पुष्कळांनी केली, पण त्यांचे काम क्वचितच तपासले गेले. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की घडलेली गोष्ट एकमेव राहत नाही, तिचा नुसता नमुना होतो. ‘वगैरे’ म्हटले की वाक्य पूर्ण करण्याची जबाबदारी टळते. कुठलेही विधान पुरते खरे मानायला कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर तयार नाही, हे तो मत म्हणून मांडत नाही, त्याची वाक्येच ते सांगतात. म्हणून धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी ही ढाल गळून पडते तेव्हा वाचक हादरतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि धनगर आपल्या बोलीत बोलतात. मास्तराची माया खरी आहे, पण अवतरणचिन्हांचे कुंपणही खरे आहे. रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’त (१९७१) ते कुंपण काढले. तिथे गंगाराम शिंप्याची बायकोच मराठवाडी बोलीत निवेदन करते. तिच्यावर नजर ठेवणारा शहाणा निवेदक नाही. तिला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते. बोली अशी निवेदनात आली की तिला विचार करण्याचा अधिकार मिळतो. संवादापुरती वापरली तर ती सजावट होण्याचा धोका असतो.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच माणसावर प्रेम करतात. तनय त्याला ‘तू’ म्हणून संबोधतो, अनुजाच्या निवेदनात तो ‘तो’ आहे. तो निघून गेल्यावरही तनयला संवाद सोडवत नाही. अनुजाला मात्र घडलेले दुरून पाहून पुन्हा उभे राहायचे आहे. शिवाय मराठी भूतकाळात ‘मी गेलो’, ‘तू आलास’ म्हटले की दोघांचे पुरुषपण आपोआप उघड होते. त्यामुळे हे प्रेम वेगळे जाहीर करावे लागत नाही. साधी क्रियापदेच ते निःसंकोच सांगतात.

या परंपरेपुढे आजच्या पुष्कळ कादंबऱ्या उण्या वाटतात. विषय धीट असतात, माहिती भरपूर असते, पण शेतकरी, प्राध्यापक आणि आजी यांची वाक्ये एकाच घाटाची असतात. धरण, दुष्काळ, विस्थापन हे विषय आले की सरकारी मराठीही येते. ‘जमीन संपादित करण्यात येत आहे’ या वाक्यात करणारा कुणीच नसतो. जिची जमीन गेली ती बाई मात्र विचारते, ‘कुणी नेली?’ एका बाजूला कर्ता लपवणारी भाषा, दुसऱ्या बाजूला कर्ता शोधणारी. या दोन व्याकरणांची झुंज हाच आपल्या काळाचा मोठा कादंबरीविषय आहे, आणि तो अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

त्यासाठी समीक्षेलाही बदलावे लागेल. प्रयोग, पुरुष, लिंग, विभक्ती हे शाळेत सोडून द्यायचे धडे नव्हेत, कादंबरी वाचण्याची ती साधने आहेत. कर्तरी, कर्मणी आणि भावे यांतला फरक मराठी वाचकाच्या कानाला उपजत कळतो. त्या कानावर लेखकाने विश्वास ठेवला, तर पात्राचे विचार समजावून सांगणारे परिच्छेद लिहावे लागणार नाहीत.