सीतेचें मरण

आज छत्रपति संभाजीनगर हें नांव धारण करणारें आमचें शहर औरंगाबाद म्हणून ओळखलें जात असतां, इ. स. १८२४ मध्यें येथील छावणींत सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा निजामाच्या नोकरींत दाखल झाला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नशीब काढावयास म्हणून त्याला विलायतेहून धाडलें होतें. तो बेत फसला आणि त्यानें शिपाईगिरी पत्करली. हाच फिलिप मेडोज टेलर. पुढें शोरापूर, नळदुर्ग आणि बुलढाणें येथें त्यानें कारभार पाहिला आणि ठगांवरील कादंबरीनें १८३९ सालीं विलायतेंत नांव मिळविलें. हरिभाऊ आपट्यांनीं ‘म्हैसूरचा वाघ’ लिहावयास घेतली ती टेलरच्याच टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारें. म्हणजे हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबरीच्या जन्मपत्रिकेंत हा ग्रह आहेच. असें असूनहि मराठवाड्याच्या ह्या जुन्या शेजाऱ्याचीं पुस्तकें आतां क्वचितच कोणी उघडतो. त्यांतील ‘सीता’ (१८७२) ही कादंबरी नुकतीच आम्हीं पुन्हां वाचली, आणि पूर्वीं न खटकलेली एक गोष्ट ह्या खेपेस फार खटकली.

युद्ध, प्रेम आणि ख्रिस्ती धर्म ह्या तिहींची गुंफण करणाऱ्या कादंबऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. पोलिश लेखक सिएंकिएविच ह्याची ‘क्वो व्हादिस’ (१८९६) त्यांत सर्वांत गाजलेली. रोमन सरदार आणि ख्रिस्ती कन्या ह्यांचें प्रेम, नीरोचा छळ, आगींत होरपळणारें नगर. संकट येतें तें दोघांपैकीं एकाला दुसऱ्याच्या श्रद्धेपर्यंत पोहोंचविण्यासाठीं. असल्या कथेंत युद्ध वा छळ ही कसोटी असते. कसोटीला उतरलेल्यांना लेखक एकत्र नांदूं देतो. सिएंकिएविचचा नायक श्रद्धा बदलतो, नायिका मृत्यूच्या दाढेंतून सुटते, आणि वाचक पुस्तक मिटतांना समाधान पावतो. आतां ह्याच मोजपट्टीनें टेलरची सीता पाहूं.

सीता ही सोनाराच्या घरची तरुण विधवा. तिचा नवरा दरोड्यांत मारला गेला आहे. त्या दरोड्याचा म्होरक्या अज्राएल पांडे हाच पुढें १८५७ च्या बंडाचा चिथावणीखोर म्हणून कथेंत वावरतो. सीतेवर इंग्रज अधिकारी सिरिल ब्रँडन ह्याचें प्रेम बसतें. त्यांचा विवाह हिंदु पद्धतीनें लागतो, आणि तेथेंच खरी कादंबरी सुरू होते. गोऱ्यांच्या कायद्यापुढें हा विवाह कितपत टिकेल? छावणींतल्या मडमा सीतेला बहीण मानतील कीं केवळ साहेबाची हौस? तिनें नवऱ्याचा धर्म घ्यावा कीं न घ्यावा? हे प्रश्न टेलरनें टाळले नाहींत, हें त्याचें श्रेय. त्याच्या काळच्या अन्य इंग्रज लेखकांनीं एवढें धैर्य सहसा दाखविलें नसतें, आणि सीतेची बुद्धि, तिचा आब, तिचा सोशिकपणा ह्यांचीं वर्णनें वाचतांना लेखकाचा जिव्हाळा लपत नाहीं.

परंतु ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्याची वेळ येतांच बंड उसळतें. ब्रँडनवर फेंकलेला भाला सीता आपल्या अंगावर घेते आणि मरते. कालांतरानें ब्रँडन ग्रेस मोस्टिन ह्या इंग्रज तरुणीशीं विवाह करतो. एका भाल्यानें कायद्याचा प्रश्न सुटला, धर्माचा सुटला, छावणीच्या मेजवानींतील खुर्चीचाहि सुटला.

वर्गांत ही कथा सांगितली असतां मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, तिला मारली कशाला?” आम्हीं त्या वेळीं आत्मत्यागाच्या उदात्ततेविषयीं कांहींतरी बोललों. तें उत्तर तिला पटलें नाहीं. खरें म्हणजे आम्हांलाहि पटलें नव्हतें.

युद्धांत माणसें मरतात, मग सीता मेली ह्यांत वावगें काय, असें कोणी म्हणेल. ह्यावर उत्तर टेलरच्याच दुसऱ्या एका पुस्तकांत आहे. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ ह्या तीन कादंबऱ्या त्यानें १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें योजिल्या. पहिलींतील तारा ही तुळजापूरची ब्राह्मण विधवा. तीहि धर्माची वेस ओलांडते. अफझलखानाचा मुलगा फाझिल तिला सतीच्या चितेपासून वांचवितो आणि तिच्याशीं लग्न करतो. तेथेंहि युद्ध आहे, प्रतापगडाचा प्रसंग आहे, आणि रक्तपात तर ‘सीते’हून कमी नाहीं. तरी तारा जगते. मुसलमान घरांत हिंदु विधवा नांदतांना पाहणें टेलरला जड गेलें नाहीं. इंग्रज ख्रिस्ती घरांत तीच नांदूं लागली तेव्हां मात्र त्याची लेखणी अडखळली. दुसऱ्याच्या अंगणांत औदार्य सोपें असतें.

योगायोग पाहा. ज्या १८५७ सालीं टेलरनें सीतेला मारलें, त्याच सालीं बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. पदमनजींना बाप्तिस्मा घेऊन तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं, आणि विधवाविवाहाचा कायदा होऊन एकच. ‘यमुनापर्यटना’ची कलेच्या दृष्टीनें आम्ही तरफदारी करणार नाहीं. प्रवास म्हणजे विधवांच्या दुःखाची यादी आणि संवाद म्हणजे प्रवचन, असा तिचा बहुतेक भाग आहे. पात्रें बोलूं लागलीं कीं त्यांच्या तोंडून पाद्रीबोवाच ऐकूं येतो. टेलरच्या चित्रणाचा चटकदारपणा तींत शोधूनहि सांपडणार नाहीं. तरी एक गोष्ट पदमनजींनीं केली जी टेलरला साधली नाहीं. त्यांची यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते, पुन्हां लग्न करते, आणि जगते. तिच्या श्रद्धेचा निकाल तिनें स्वतः लावला; तो लावण्यासाठीं लेखकाला भालेकरी बोलवावा लागला नाहीं. धर्मांतराचा तो निष्कर्ष सर्वांना रुचणार नाहीं, पण निष्कर्ष तरी आहे.

टेलरच्या युद्धचित्रणांतहि हीच पळवाट आहे. अज्राएल पांडे हा दरोडेखोर, कपटी, आणि सीतेवर डोळा ठेवणारा. बंडाचा सारा वणवा ह्या एका नीच माणसाच्या वासनेवर आणून ठेवला, कीं शिपायांना कांहीं म्हणावयाचें होतें हा विचारच उरत नाहीं. जून १८५७ मध्यें आमच्याच शहरांतील छावणीच्या घोडदळानें बंड केलें, आणि ज्यांना देहांत शासन झालें त्यांची आठवण म्हणून क्रांति चौकांतील काळा चबुतरा लोक आजहि दाखवितात. त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला अज्राएल पांडे पुरा पडत नाहीं. आणि टेलरला तरी तो पुरा पडावा काय? शोरापूरचा जो अल्पवयीन राजा त्याच्या देखरेखीखालीं वाढला, त्याला ‘अप्पा’ म्हणून हांक मारीत असे, तोच बंडांत सांपडला आणि १८५८ सालीं कैदेच्या वाटेवर पिस्तुलाच्या गोळीनें मरण पावला. आत्मचरित्रांत हा प्रसंग टेलरनें जड अंतःकरणानें सांगितला आहे. युद्ध म्हणजे आपलेपणाचे धागे कसे तुटतात हें ज्यानें इतक्या जवळून पाहिलें, त्यानें कादंबरीसाठीं खलपुरुष निवडावा ह्याचें नवल वाटतें.

त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ सालीं, प्रसिद्ध झालेल्या चांदबिबीवरील कादंबरींत तो अधिक मोकळा दिसतो. तींत मुदगलची ख्रिस्ती वस्ती आहे. विजापूरच्या छत्राखालीं ती निर्वेध प्रार्थना करीत असते. तेथील धर्मगुरु आणि त्याची बहीण मारिया ह्यांच्यावर संकट ओढवतें तें डोम दिएगो ह्या स्वधर्मीयच पाद्र्याच्या वक्रदृष्टीमुळें. सभोंवार दख्खनच्या लढाया चालल्या असतां घाव घरांतूनच येतो. येथें युद्ध सबब म्हणून वापरलें नाहीं, आणि म्हणूनच मुदगलचीं तीं प्रकरणें आम्हांला ‘सीते’च्या शेवटापेक्षां खरीं वाटतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. टेलरची पत्नी मेरी ही हैदराबादच्या प्रसिद्ध पेढीचा मालक विल्यम पामर ह्याची कन्या. पामरचा बाप इंग्रज सेनापति, आई लखनौकडील मुसलमान बेगम. म्हणजे ब्रँडनच्या घरीं जें नांदूं शकलें नाहीं तें टेलरच्या स्वतःच्या घरीं नांदत होतें. मेरी १८४४ त वारली, त्यानंतर टेलर आणखी बत्तीस वर्षें जगला. ‘सीता’ त्यानें लिहिली ती ह्याच काळांत. ग्रेस मोस्टिन सालस आहे, तिच्यावर राग धरतां येत नाहीं. आमचा राग टेलरवर आहे, कारण उत्तर त्याला ठाऊक होतें.